थेंबांच्या बाटलीत काय होतं

अर्वाइखेर, ११ ऑक्टोबर

उयांगा,

तू माझा फोन घेत नाहीस. माझा नंबरच अडवून ठेवलायस हे न कळायला मी काही दुधखुळी नाही. एकदा वाजतो आणि तुटतो, चार वर्षं हेच चाललंय. पण अर्ध्या मेंढीचं मांस आणि चार किलो वाळवलेल्या दह्याचं आरूल दारातून परत पाठवशील एवढी वेडी तू नाहीस. म्हणून हे पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून खोक्याच्या तळाशी ठेवलंय. मांस संपवलंस की सापडेल.

खोकं मात्र दरवेळी रिकामं परत पाठवतेस. लागोपाठ तीनदा! कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं हे तुला मीच शिकवलंय. साखरेचा एक खडा टाकला असतास तरी चाललं असतं. पुरेव गाडीतून खोकं उतरवून माझ्या हातात देतो आणि दुसरीकडे बघायला लागतो. चारशे किलोमीटर गाडी हाकणाऱ्या माणसाला सगळ्यांच्या घरची भांडणं ठाऊक असतात.

तोच परवा म्हणाला, "काकू, तुमच्या उयांगाचं पोट दिसायला लागलंय." मी त्याला हलूच दिलं नाही. तीन वाडगे चहा पाजला आणि पंधरा प्रश्न विचारले. मेल्याला सांगता आलं ते एवढंच की तुझा चेहरा ओढलेला होता आणि माझी नात आनू दारात उभी होती. आनूचे पाय कसे आहेत म्हणून विचारलं, तर म्हणाला, "थोडे बाकदार आहेत, पण पळते." मी म्हटलं, घोड्यावर बसणाऱ्यांच्या घरातली पोर आहे, पाय असेच असायचे. तो वाडगा ठेवून गाडीकडे गेला.

बरं, ऐक. जड उचलू नकोस. हाडांचा रस्सा पी. दुपारी खिडकीत बसत जा, तुझ्या नवव्या मजल्यावर ऊन छान येतं. काच उघडू नकोस, वारा लागेल.

मागच्या वेळचं मागे गेलं. मी काही मनात ठेवलेलं नाही.

आई

३ नोव्हेंबर

उयांगा,

काल जावईबापूंचा तुझ्या बाबांना फोन आला होता. दावाखू बिचारा तुझ्या चोरून जिन्यात उभा राहून बोलत होता. त्याला रागावू नकोस. मी कान लावून बसले होते, ती चूक माझी.

"बाबा, ती थेंब घेत नाही हो," तो म्हणाला. "डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीची बाटली दिलीय, तिने कपाटावर फेकलीय. म्हणते, आनूच्या वेळी शेवटचे तीन महिने रोज घेतले, एक दिवस चुकवला नाही. आनूलाही पाजले. आणि नवव्या दिवशी पोरीला झटके आले ते आलेच. आता हे असलं थोतांड घरात नको म्हणते."

तुझे बाबा म्हणाले, "हं." घोडा मेला तरी ते "हं" म्हणतात आणि पोर झालं तरी "हं"च म्हणतात.

तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. उयांगा, थेंब घे. आता तू म्हणशील, ही बया तर थेंबांच्या नावाने बोटं मोडायची, हिला आज काय झालं! माणूस बदलतं ग. त्या वेळची बाटली जुनी असेल. तू ती फ्रिजवर ठेवायचीस, तिथे गरम होतं, त्याने बिघडली असेल. औषधं बिघडतात. एका बाटलीवरून सगळ्या बाटल्यांवर राग धरू नये.

मी म्हणते म्हणून घेऊ नकोस. डॉक्टर म्हणतात म्हणून घे.

खोक्यात या वेळी वाळवलेलं गोमांस आहे.

आई

२१ नोव्हेंबर

उयांगा,

खोकं पुन्हा रिकामं आलं. ठीक आहे.

माझी कंबर धरली होती म्हणून दवाखान्यात गेले होते. इथे आता ओदोन नावाची तरुण डॉक्टरीण आलीय, चुणचुणीत आहे, पण तोंडाने जरा फटकळ. मला बघून हसायलाच लागली.

"आजी, तुम्ही शाळेत स्वयंपाकीण होतात ना? माझी आई अजून तुमच्या नावाने शिव्या देते. रांगेत उभं करून, नाक दाबून माशाचं तेल पाजायचात म्हणे!"

"हुकूम होता," मी म्हटलं. "रशियाहून पिंप यायचं. दर पोरामागे एक चमचा. कशासाठी ते आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

"अहो, त्या तेलात व्हिटॅमिन डी असतं. हल्ली ते लहानशा बाटलीतून थेंबाथेंबाने देतात, एवढाच काय तो फरक."

मी खुर्चीत बसले होते म्हणून बरं, नाहीतर पडलेच असते. म्हणजे बघ, हजारो पोरांना जे मी स्वतःच्या हाताने पाजलं, तेच हे! मी तिला विचारलं, पोटुशी बाईने हे घेतलं तर पोटातल्या बाळाचं डोकं दगडासारखं होतं, अडतं, हे खरं का? तिने कपाळाला हात लावला. "आजी, रोज एकजण येऊन हेच विचारते. डोकं दगड होत नाही. उलट आईच्या अंगात हे कमी असलं तर बाळाचं डोकं मऊ राहतं, बोटाने दाबलं तर आत जातं. बाळाचं रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि मग झटके येतात. आईकडे असेल तेवढंच बाळाला मिळतं. तिच्याकडेच नसेल तर ते बिचारं आणणार कुठून?"

मग मी उन्हाचं विचारलं. खिडकीत बसायचं मी तुला सांगितलं होतं ना, ते विसर. काचेतून ऊब येते, पण ते जे कामाचं असतं ते काचेबाहेरच अडतं. आणि आपल्याकडे ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका तिरका चालतो की बाहेर बसूनसुद्धा उपयोग नाही. शिवाय उणे तीसमध्ये उघडं राहतं ते नाक! नाकावर किती ऊन खाणार? म्हणून आपल्याकडे जवळजवळ सगळ्या बायकांच्या अंगात हे कमी असतं, म्हणाली. आणि हिवाळ्यात पोटात वाढून वसंताच्या तोंडावर जन्मलेली बाळं सगळ्यात रिकाम्या हाताने येतात. तुझी तारीख मार्चची आहे. आनूही मार्चचीच.

घरी येताना मला आणखी एक आठवलं. ब्याण्णवच्या हिवाळ्यात तू माझ्या पोटात होतीस. दुकानांत मीठ सोडून काही नव्हतं, पीठसुद्धा कार्डावर मिळायचं. शाळेतलं तेल यायचं बंद झालं होतं आणि पिंपाच्या तळाशी थोडं उरलं होतं. अंगाला काहीतरी चिकट, तुपकट हवं म्हणून मी ते रोज चमच्याने खरवडून प्यायचे. सगळा हिवाळाभर, भुकेपोटी. आणि तू चार किलोची जन्मलीस, दोन तासांत, काही अडलं नाही.

म्हणजे मला कळायला हवं होतं.

थेंब घे. ती बाटली बिघडली होती एवढं समज आणि घे.

आई

५ डिसेंबर

उयांगा,

हे पत्र मी तीनदा लिहून चुलीत घातलं. चौथ्यांदा लिहिते आहे.

दावाखूने तुझ्या बाबांना सांगितलं की तुझं रक्त तपासलं. तीस तरी हवं होतं, सात आलं. डॉक्टरांनी झापलं, तर तू म्हणालीस, "मागच्या वेळीही तुम्ही लोकांनी मला खोटारडी म्हटलंत. मी घेतले होते. तुमच्या थेंबांत काही दम नाही." आणि उठून आलीस.

दम होता ग. थेंबांत दम होता. ते तुझ्या पोटात कधी गेलेच नाहीत.

आनूच्या वेळी मी तुझ्याकडे तीन महिने राहायला आले होते. आल्यावर दुसऱ्या दिवशी तू कामाला गेलीस आणि मी ती बाटली मोरीत ओतली. स्वच्छ धुतली, पुसली आणि तिच्यात तारवागाचं तेल भरलं. तुझ्या मामाने डोंगरात बिळं करून राहणाऱ्या तारवागांच्या चरबीचं काढलेलं, बरणीत होतं ते. खोकला झाला, भाजलं, छाती भरली, आपण काय लावतो, काय पितो? तेच. मला वाटलं, हे तरी आपल्या मातीतलं आहे. तू रोज न चुकता सकाळी थेंब मोजून घ्यायचीस. एकदा तोंड वेडंवाकडं करून म्हणालीस, "आई, याला कसला ग वास येतो?" आणि मी म्हटलं, "औषध आहे, वास येणारच." तुझ्या तोंडावर म्हटलं. आनू झाल्यावर तिच्या बाटलीचंही मी तेच केलं.

का केलं ते सांगते. माफ कर म्हणून सांगत नाहीये. तुझी मोठी मावशी तुला आठवत नाही, तू नव्हतीसच. बाळंतपणात गेली. दोन दिवस अडली होती, बर्फात गाडी येईना. सुईण म्हणाली, बाळाचं डोकं फार कडक. मी एकोणीस वर्षांची होते, तिचा हात माझ्या हातात होता. तेव्हापासून "डोकं कडक" एवढे दोन शब्द ऐकले की मी उठून बाहेर जाते. इथल्या बायका म्हणायच्या की थेंबांनी डोकं कडक होतं. मी तुला घेऊ नकोस म्हणून सांगितलं, तू ऐकलं नाहीस, तुम्ही शहरातल्या शिकलेल्या. मग मी तुला विचारलं नाही.

आता सगळ्यात वाईट. ते मी चार वर्षं तुझ्या बाबांनासुद्धा सांगितलेलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी आनूचे हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. इस्पितळात सुई टोचून तिला शांत केलं आणि त्या डॉक्टरने तुला विचारलं, "थेंब घेतले होते का?" तू म्हणालीस, "रोज." तो म्हणाला, "खोटं बोलू नका. घेतले असते तर रक्त असं आलं नसतं." तू माझ्याकडे बघितलंस. मी साक्ष देईन म्हणून बघितलंस. "आई, सांग ना यांना, तुझ्यासमोर घ्यायचे ना मी?" आणि मला त्याच क्षणी कळलं काय झालंय ते. आतून अगदी पक्कं कळलं. मी काय केलं? मी सगळ्या बायकांसमोर तुझ्यावरच ओरडले. दिवसभर फोनमध्ये तोंड घालून बसतेस, तुझं दूधच पातळ, तुझ्यामुळे झालं म्हणून ओरडले. माझं बिंग फुटू नये म्हणून मी माझ्या ओल्या बाळंतिणीला चारचौघींत उघडं पाडलं.

तू मला घरातून जा म्हणालीस ते बरोबर होतं. का ते तुलाच माहीत नव्हतं, इतकंच.

तेव्हा आता ऐक. तू खोटं बोलली नव्हतीस. थेंब खोटे नव्हते. खोटी मी होते. आनूचे पाय माझ्यामुळे वाकले. मला शिव्या दे, माझं मांस कुत्र्याला घाल, माझं तोंड बघू नकोस, माझ्या मयतीला येऊ नकोस. पण कपाटावरची बाटली खाली काढ. आईवरचा राग बाळावर काढू नकोस. अजून तीन महिने आहेत. ओदोनला मी विचारलंय, ती म्हणाली पुरेत, आजपासून घेतले तर पुरेत. तुझे डॉक्टर सांगतील तेवढेच घे, जास्त नको, एक दिवस चुकवू नकोस. बाटलीचं सील तू स्वतः फोड.

आई

२९ डिसेंबर

उयांगा,

खोकं परत आलं नाही. पुरेव म्हणतो, तू दार उघडलंस, खोकं घेतलंस आणि दार लावून घेतलंस. मी विचारलं, थोबाड कसं होतं तिचं? तर म्हणे, "काकू, मी गाडी चालवतो, थोबाडं वाचत नाही."

पत्र वाचलंस की नाही तेही मला माहीत नाही. मांसाखाली होतं. मांस अजून बाल्कनीत गोठत असेल तर पत्रही गोठत असेल. म्हणून हे दुसरं वरच ठेवलंय आणि सगळं पुन्हा चार ओळींत लिहिते: बाटलीत तारवागाचं तेल होतं. मी भरलं होतं. तू खरी होतीस. थेंब घे.

तुझ्या बाबांना सांगितलं. ते तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तुला वाटेल, एरवी तरी कुठे बोलतात! पण हे न बोलणं वेगळं होतं, मला कळत होतं. चौथ्या दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "सगळ्यांसमोर पोरीला बोललीस. आता कबूलही सगळ्यांसमोर कर." चाळीस वर्षांत एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मग मी गेले. दवाखान्यात दर मंगळवारी पोटुश्या बायका येतात, बाकावर रांगेने बसलेल्या असतात. ओदोनला म्हटलं, मला दोन मिनिटं बोलू दे. उभी राहिले आणि सगळं सांगितलं, बाटली, मोरी, तारवाग, झटके, सगळं. कुणी हसलं नाही. कोपऱ्यातली एक पोरगी, सातवा महिना असेल, ढसाढसा रडायला लागली. म्हणाली, "माझ्या सासूने माझी बाटली लपवून ठेवलीय." मी म्हटलं, "कुठे राहतेस? चल." तिच्याबरोबर तिच्या गेरच्या गोल तंबूत गेले आणि त्या म्हातारीला असं काही सुनावलं की तिने पेटीतून बाटली काढून स्वतः सुनेच्या हातात दिली. जाताना मला आरूलही दिलं.

तुझ्यापर्यंत माझा हात पोचत नाही. तिथे तुलाच तुझी आई व्हावं लागणार.

आई

२० जानेवारी

उयांगा! माझ्या पोरी!

खोकं आलं. पुरेवने हातात दिलं तर हलकं. मनात म्हटलं, झालं, पुन्हा रिकामं. तेवढ्यात आत काहीतरी गडगडलं. तिथेच रस्त्यावर, भर थंडीत, हातमोजे दातांनी ओढून काढून खोकं फाडलं. आत एक बारकी बाटली. रिकामी! तळाला चिकटलेलं तेवढंच. आणि तिच्याभोवती रबर लावून कागदाची चिठ्ठी: "ही संपली. दुसरी सुरू केलीय. याला वास नव्हता."

तीन वाक्यं. चार वर्षांनी तीन वाक्यं आली आणि काय आली!

मी त्या रस्त्यात अशी ओरडले की शेजारची कुत्री भुंकायला लागली. पुरेवच्या गालाचा मुका घेतला. तो म्हणाला, "अहो काकू, लोक बघतायत." बघू देत! बाबांना वाचून दाखवली तर म्हणाले, "हं." पण मग उठून बाहेर गेले आणि घोड्याच्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ उभे होते. मी बघितलंय ते दारातून.

पुढे एक वाक्यही लिहू नकोस, चालेल. रागावलेली राहा. माझा फोन बंदच ठेव. फक्त बाटल्या संपव. मी तुझ्या रिकाम्या बाटल्यांवर म्हातारपण काढीन.

बाटली मी बाकावरच्या बायकांना दाखवायला नेणार आहे. ओदोन म्हणते, आजी, तुम्हाला आता पगार द्यायला हवा. गावात दहाजणी पोटुश्या आहेत आणि दहाही थेंब घेतायत. कोण घेतंय, कोण चुकवतंय, सगळी खबर मला असते.

आई

८ मार्च

उयांगा,

कसलं कुरूप पोर जन्माला घातलंस ग बाई! दावाखूने फोटो पाठवला. शी शी शी! इतकं घाणेरडं, इतकं नकटं, इतकं भयंकर पोर मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. मी फोटो घेऊन सगळ्या वस्तीत फिरले. जो तो बघून म्हणतो, "अरे देवा, काय हे ध्यान! कुणाच्या नजरेला पडू नये असं!" आणि माझी छाती गजभर फुगते. मी मान खाली घालून म्हणते, "काय करणार, आमच्या नशिबी हेच!" कुणी चुकून जरी गोड म्हणून दृष्ट लावली असती तर मी त्याचं डोकं फोडलं असतं.

तीन किलो नऊशे! आणि तुझं रक्त शेवटच्या तपासणीत तेहतीस आलं होतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही. दावाखूला वाटलं तू सांगितलंस, तुला वाटलं मला कळू नये. तेहतीस! सातावरून तेहतीस! बायकांच्या बाकापुढे मी हा आकडा खडूने भिंतीवर लिहून आले. ओदोन म्हणाली, आजी, भिंत सरकारी आहे. मी म्हटलं, आकडाही सरकारी थेंबांचाच आहे, राहू दे.

बाळाचं डोकं डॉक्टरांनी दाबून बघितलं, घट्ट आहे, हेही दावाखूने सांगितलं. आणि घट्ट असूनही तू पाच तासांत मोकळी झालीस. हे ऐकल्यावर मी गेरमध्ये एकटीच बसले आणि माझ्या बहिणीसाठी रडले. चाळीस वर्षं तिच्या मरणाला मी भलतंच कारण चिकटवून ठेवलं होतं.

रश्श्यासाठी मेंढीचं मांस पाठवतेय, ताजं आहे. मी येत नाहीये. बोलावल्याशिवाय येणार नाही. नववा दिवस सोळा तारखेला येतो, मी मोजलंय. त्या दिवशी मी इथेच, फोनपाशी बसून असेन.

बाळाचे थेंब डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून सुरू कर. सील तू स्वतः फोड.

आई

२० एप्रिल

उयांगा,

तुझ्या घरून येऊन दोन दिवस झाले. आता फोन लागतो, काल तू दोनदा केलास, आनूने तर माझा कान खाल्ला. तरी लिहितेय. काही गोष्टी फोनवर बोलायला गेले की मी मधेच थांबते आणि मग तू म्हणतेस, "आई, रेंज गेली का?"

मार्चमध्ये तुझा पहिला फोन आला तेव्हा मी गाईचं दूध काढत होते. चार वर्षांनी तुझं नाव पडद्यावर दिसलं आणि चरवी सांडली. तू नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट म्हणालीस, "मांस मिळालं. तू कुठे आहेस?" मी म्हटलं, "कुठे असणार, घरी." मग तू म्हणालीस, "नववा दिवस मला एकटीला काढता येणार नाही ग, आई. ये."

त्या दिवशी पुरेवची गाडी नव्हती. मी कोळशाच्या ट्रकमध्ये बसून आले. दार तू उघडलंस. मी काळी ठिक्कर, तू सुजलेली. आपण दोघी नुसत्या उभ्या राहिलो. आनू तुझ्या मागून धावत आली आणि म्हणाली, "ही कोण काळी आजी?" तू हसलीस म्हणून मला आत यायचं धाडस झालं. आणि पोर माझ्यासमोर धावत आली ना! पाय अजून थोडे बाहेर वळतात, पण गेल्या वर्षीपेक्षा खूप सरळ झालेत म्हणालीस. मी त्या पायांना हात लावला तेव्हा तू बघत होतीस. मी तिची माफी मागितली. तिला काय कळणार, ती म्हणाली, "बरं."

नवव्या दिवशी आपण सगळे बाळाकडे टक लावून बसलो होतो. दावाखू कामावर गेला नाही. तो नकट्या हातपाय ताणायचा, की आपण तिघं उडायचो. तो जांभई द्यायचा, की तू माझा दंड धरायचीस. तुझी नखं उमटली होती. आणि त्याने काय केलं? दूध प्यायला, ढेकर दिली, दावाखूच्या शर्टावर शू केली आणि झोपला. एवढंच केलं दिवसभर! दुपारी दवाखान्यातली नर्स घरी आली, डोकं दाबून बघितलं, पाय ओढून बघितले, म्हणाली, "बाई, काय कुरूप गडी आहे!" तेव्हा तू रडायला लागलीस आणि नर्स घाबरली. तिला काय माहीत.

मग तिने कागदावर टिपत विचारलं, "थेंब कोण देतं?" तू म्हणालीस, "मी."

ती गेल्यावर तू स्वयंपाकघरात गेलीस आणि बाटली घेऊन आलीस. बाळाची, सील फोडलेली. तू ती माझ्यापुढे धरलीस. "आजचा दिला नाहीये अजून. तू दे."

मी म्हटलं, "नको ग. तूच दे. नाहीतर मी देते, तू इथे उभी राहून बघ."

"मला आनूची वेणी घालायचीय," तू म्हणालीस, आणि आतल्या खोलीत गेलीस. दारही लावून घेतलंस.

बाळ, बाटली आणि मी. दुसरं कुणी नाही. उयांगा, मी आधी हात धुतले, मग झाकण उघडलं. उघडल्यावर मी वास घेतला. वास नव्हता. त्याच्या ओठांपाशी नेऊन एक थेंब सोडला, डॉक्टरांनी सांगितलेला एकच. त्याने मचमच केलं आणि आणखी हवं म्हणून तोंड उघडलं.

मी तिथूनच ओरडले, "उयांगा! दिला ग! एकच दिला!"

आणि तू आतून ओरडलीस, "माहितीय!"

आई